अस्तरातली चांदी

नाही, ती धातू शोधायची कांडी माझ्या छातीजवळ आणायची नाही — मघाशी सांगितलं, आता पुन्हा सांगते, तिसऱ्यांदा सांगायची वेळ आणू नकोस. खुब्याजवळ फिरव, मांडीला लाव, वाजू दे वाटेल तितकी. तिथं धातूचा सांधा बसवलाय हे मी स्वतःहून सांगितलं, खुब्याचं कार्ड दाखवलं, तू वाचलंस, मान डोलावलीस. मग कमान वाजली ती खुब्यामुळे, विषय संपला. चांदी तर मी आधीच काढून तुमच्या त्या ट्रेमध्ये टाकली होती — गळ्याची पिन, मनगटाची बटणं, कमरेचा पट्टा, बकलांचे बूटसुद्धा. मे महिन्यात आपला सणाचा पोशाख, बुनाद, घालून निघालेली बाई म्हणजे चालतीबोलती सोनाराची पेढी, हे काय तुला मी सांगायचं? रोज वीसेक तरी जात असतील तुझ्या कमानीखालून. बुनाद कोण घडी घालून पेटीत कोंबतं? अंगावर घालायचा आणि ताठ बसायचं विमानात. हो, सोडते तुझा हात. सोडला. दुखला असेल तर माफ कर, साठ वर्षं कात्री धरलेला पंजा आहे हा, माझ्याही ताब्यात राहत नाही.

बस म्हणतेस? नाही बसत. बसले की उठायला वेळ लागतो आणि वेळच तर नाहीये. ते घड्याळ बरोबर आहे का? म्हणजे अर्धा तास. दारं बंद करायला त्याहूनही कमी — बरं. मग तूच सांग, एक्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला या एवढ्याशा खोलीत कोंडून तुला काय मिळणार आहे? बॉम्ब करणारी बाई असते तर इतकी वाईट चालले असते का मी? मुल्ट्यांचा मुरंबा घेतलास तो घेतलास — मुरंबा म्हणजे पातळ पदार्थ, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं कोण जाणे, त्यानं दलदलीत वाकून मुल्ट्याचं एक तरी फळ तोडलंय का आयुष्यात — पण जाऊ दे, मुरंब्यावर पाणी सोडलं मी. छातीचं मात्र सोडणार नाही.

माझ्या मुलीनं काय सांगितलं तुला? ऐकलं मी. कान शाबूत आहेत अजून. 'आईच्या बंडीच्या अस्तरात चांदी शिवलेली आहे, तीच वाजत असेल' — हेच ना? सिग्रून तशीच आहे, विचारलं नाही तरी उत्तर देणार. बावन्न वर्षांची झाली, पण दुसऱ्याच्या वतीनं बोलायची सवय काही गेली नाही. सकाळी बंडीचे हूक लावताना तिच्या बोटांना इथं काहीतरी कडक लागलं. 'हे काय गं?' म्हणाली. मी म्हटलं, चांदीची पिन आहे, माझ्या आजीची, अस्तरात शिवलीय, डोंगरातल्या त्या न दिसणाऱ्या माणसांनी मला पळवून नेऊ नये म्हणून. हसली. 'तुला कोण पळवणार, आई, दुसऱ्या दिवशी परत आणून सोडतील' — असं म्हणाली. हसली म्हणजे पटलं. पूर्वी बाळाच्या दुपट्यात चांदी खोचायचेच ना सगळे, तुझ्या आजीनंही खोचली असेल तुझ्या बापाच्या. तू आउस्टनेसच्या ओलाउगचीच नात ना? नाकावरूनच ओळखलं. तिचा बुनाद मी शिवला होता. तुझ्या आत्यांचेही. कुणाकडे शिकले नाही, कुठलं प्रमाणपत्र नाही, आईचा जुना बुनाद उसवून शिवण कशी असते ते पाहिलं आणि उलटा प्रवास करत पुन्हा शिवला — त्या शिवणकामाच्या संघातल्या बायका नाकं मुरडायच्या आणि मग मागच्या दारानं आपल्या पोरींची मापं घेऊन यायच्या माझ्याकडे.

तर मग काढून दाखव ती चांदी, म्हणतेस. बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

चांदी नाहीये.

काही नाहीये अस्तरात. म्हणजे आहे, पण चांदी नाही — एक कार्ड आहे. खुब्याच्या कार्डासारखंच, दुसरं. डॉक्टरीण म्हणाली, हे कायम जवळ ठेवायचं, झोपतानासुद्धा. आता जवळ म्हणजे कुठं? माझी पर्स सिग्रून अशी उपसते की तुम्ही लोक तिच्यापुढं लेचेपेचे — तिकीट शोधते, गोळ्या मोजते, चष्मा पुसते. म्हणून अस्तरात शिवून टाकलं, बारीक टाक्यांनी, कुणाला शिवण सापडणार नाही असं. आणि आता दाखवायची वेळ आली तर कात्री नाही, कारण कात्री तुम्हीच घेतलीत दारात. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तसं झालंय माझं. हस, हस, मलाही हसू येतंय. दातानं तोडला असता दोरा, पण दातही माझे नाहीत.

हो. तेच. पेसमेकर. हळू बोल गं, भिंती पातळ आहेत. फेब्रुवारीत बसवला. त्याच्यावर ही कांडी धरून ठेवायची नाही असं त्या कागदात लिहिलंय, आणि मी कागद वाचते, सगळे वाचते. आता तुला कळलं. कार्ड नसलं तरी चालतं? नुसतं तोंडानं सांगितलं तरी? मग इतका वेळ मी कशाला — बरं. बरं, मग हातानंच तपास, मी अशी उभी राहते, हात पसरून, चल, कर सुरू.

का नाही?

दोन बायका हव्यात. असा नियम. आणि दुसरी कुठं आहे? शाळेत. मुलाला ताप आला म्हणून आणायला गेली. मुलाच्या तापाला काय बोलणार, आईनं जायलाच पाहिजे. पाऊण तासानं येईल, आणि तोवर माझं विमान डोंगरापलीकडे गेलेलं असेल. मग त्या कॉफीच्या दुकानातल्या बाईला बोलाव ना, बिनकामाची उभी आहे, काउंटर पुसतेय मघापासून. चालत नाही. विमानातली हवाईसुंदरी? तीही चालत नाही. एक तर तुमची बाई, नाही तर प्रवाशाच्या सोबतची. म्हणजे सिग्रून. हा नियम करणाऱ्याला माझी मुलगी माहीत होती की काय, अशी शंका येते मला.

नाही. तिला नाही बोलवायचं. तू दाराकडे बघू नकोस, मी सांगते ते ऐक. तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, एक शेजारचा आर्नल्यूट सोडून, आणि आर्नल्यूट बोलत नाही, वर्षातून दोनदा बोलतो तेही हवामानावर. सिग्रूनला मी सांगितलं की दातांसाठी शहरात गेले होते. चार दिवस. चार दिवस दातांसाठी? — विचारलं तिनं. मी म्हटलं, वरचे आणि खालचे.

का नाही सांगत, असं विचारतेस. तुझं वय काय, तीस? तीस वर्षांच्या मुलीला वाटतं, सांगितलं की मोकळं होतं माणूस. सांगितलं की काय होतं ते मला विचार. तिनं ओस्लोला एक जागा बघून ठेवलीय माझ्यासाठी. दोन खोल्या, लिफ्ट, भिंतीवर ओढायची दोरी, ओढली की कुणीतरी येतं. माहितीपत्रक पाठवलं होतं नाताळच्या भेटीबरोबर, मोज्यांच्या खाली ठेवून. मी मोजे घातले आणि ते पत्रक चुलीत घातलं. माझं हृदय दोनदा थांबलं होतं हे तिला कळलं, तर उन्हाळ्याआधी माझं घर बंद. आणि ती चूक आहे असंही नाही, हीच तर पंचाईत आहे — मी तेच केलं होतं. माझ्या आईचं. आई घर सोडायला तयार नव्हती, मी तिचा कोट तिच्या अंगावर चढवला, बटणं लावली, म्हटलं, फक्त वसंतापर्यंत. सिग्रून तेव्हा नऊ वर्षांची होती, आजीचा हात धरून बोटीत बसली होती. वसंत आला तेव्हा आई कुणाशी बोलत नव्हती. माझ्याशी तर नाहीच. शेवटपर्यंत नाही. तेव्हा मला नको सांगूस की मुली आपल्या भल्याचंच बघतात. मीही भल्याचंच बघितलं होतं.

आता किती वाजले? अजून पाच मिनिटं गेली. या खोलीत हवा का नाही? जरा सरक, मला तीन पावलं टाकू दे. चाललं की बरं वाटतं.

मग मी जातच नाही. झालं. तू बाहेर जा, सिग्रूनला सांग, आईला चक्कर आली, आई घरी परत जाते, तू जा विमानानं. खोटं बोलणार नाहीस — हो, ओलाउगची नात. तुझी आजीही अशीच होती, बुनादाचं माप घेताना पोट आत ओढायची नाही. आणि चक्कर आली म्हटलं की ती काही विमानात बसणार नाही, डॉक्टरच बोलावेल, ते तर आगीतून फुफाट्यात. आणि मी गेले नाही तर एम्ब्लाचं काय? माझी नात, सिग्रूनची पोर. उद्या अकरा वाजता ओस्लोच्या चर्चमध्ये तिचं कन्फर्मेशन, पोर मोठी झाल्याचा विधी. तो लांबट खोका बघितलास ना सिग्रूनच्या हातात — त्यात तिचा बुनाद आहे. दोन हिवाळे शिवत होते. शिवणींत चार बोटं माया ठेवलीय, म्हणजे पोर उंच झाली, जाड झाली, तिला पोर झालं तरी बसेल. पण खालची दुमड घातलेली नाही. ती बुनाद अंगावर चढवून, बूट घालून, पोरीला उभी करूनच घालायची असते, नेम धरल्यासारखी, जमिनीपासून मोजून — आणि पोर ईस्टरपासून पुन्हा वाढलीय, फोटोत दिसतं. ते काम माझ्याशिवाय कोण करणार? सिग्रूनला बटण लावता येत नाही. स्टेपलर मारेल ती. खरंच मारेल, हसू नकोस, पडद्यांना मारलाय.

म्हणजे जायला हवं, आणि जायचं तर तिला आत घ्यायला हवं. आणि तिला आत घेतलं की — नाही. काहीतरी तिसरा मार्ग असतोच. असतोच गं. विचार कर, तुम्हाला शिकवतात ना.

तशी मी धडधाकट आहे, तुला वाटतंय तसं काही नाही. एकदाच पडले, दुसऱ्यांदा हृदय थांबलं तेव्हा दवाखान्याच्या खाटेवरच होते. रविवार होता, सकाळी, कॉफी ठेवली होती, आणि पुढं आठवतं ते हे की टेबल खालून दिसत होतं. टेबलाच्या खालच्या बाजूला नवऱ्यानं पेन्सिलनं काहीतरी हिशेब केला होता, लाकडाची मापं, चाळीस वर्षांत मी तो कधी बघितला नव्हता. तो वाचत पडले होते. आवाज फुटत नव्हता, म्हणजे फुटत होता पण कुत्र्यासारखा. दुपारी आर्नल्यूट अंडी न्यायला आला तेव्हा त्याला सापडले, मग फेरी, मग ॲम्ब्युलन्स, मग ती डॉक्टरीण. झालं. कुणाला त्रास नाही. सिग्रूनचा दर रविवारी दहाला फोन येतो, तिला नंतर सांगितलं की गोठ्यात होते, ऐकू आला नाही. चिडली. तासभर वाजवत होते, म्हणाली.

ऐकू येत होता.

काय? — हो, जवळच होता. स्टुलावर, हाताएवढ्या अंतरावर. हा हात चालत होता, उजवा. वायर ओढली असती तरी खाली आला असता.

असं बघू नकोस माझ्याकडे. उचलला असता तर माझा आवाज ऐकला असता तिनं. एवढंच माझ्या डोक्यात होतं — आवाज ऐकला की तिला कळणार, कळलं की घर गेलं. म्हणून वाजू दिला. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. मी त्या पेन्सिलीच्या खुणा वाचत होते आणि मनात म्हणत होते, ठेव गं आता, ठेव पोरी, ठेव. ती ठेवत नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुला का सांगतेय कळत नाही, तुझ्या त्या कांडीनं वाजवलं मला.

आर्नल्यूटला त्या दिवशी अंडी नको असती तर?

तर सिग्रून सोमवारी आली असती. पहिल्या विमानानं. किल्ली तिच्याकडे आहे. दार उघडलं असतं, आणि फोन कुठं आहे आणि माझा हात कुठं आहे ते बघितलं असतं. मूर्ख नाहीये माझी मुलगी. तिनं ते अंतर बघितलं असतं, आणि मग जन्मभर — पाणी आहे का इथं? नको, राहू दे. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं तेव्हा निदान मला कारण माहीत होतं. कोट मी चढवला होता. हिनं काय केलं? हिनं फोन केला.

काचेतून दिसतेय का ती? काय करतेय? उभी आहे. खोका जमिनीवर नाही ना ठेवला? दोन्ही हातांवर धरून उभी आहे. मघापासून. मी सांगितलं होतं की जमिनीवर ठेवायचा नाही, घडी मोडते, तर ठेवला नाही.

बास, आता तू काही बोलू नकोस, आणि ती आत आली की तू सांगायचं नाहीस, मी सांगेन, फोनचंही मीच सांगेन — जा, उघड ते दार आणि माझ्या मुलीला सांग, आईनं बोलावलंय.