ताटावरचं नाव

रहिमतपुरात राकेलच्या रांगेत नाथाजी उभा होता. दिल्लीहून गावात येणाऱ्या साहेबांच्या सत्कारात कुणी ओवाळायचं, कुणी हार घालायचा, याची यादी त्यानंच केलेली, ती खिशात होती. पुढं दोन बाया बोलत होत्या. त्यातली बनुबाई त्याच्याच गावची, पण तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं.

“बनुबाई, उद्या सायबांना तुमीच ओवाळणार न्हवं?”

“मला कोण बोलावतंय? पाटलीणबाई ओवाळणार हायती.”

“आं? गावाचं पोट भरल्याबिगर सरकारनं सक्तीनं वसूल केलेलं लेव्हीचं धान्य हलू देणार न्हाई म्हणून गेल्या साली गाड्यांच्या म्होरं तुमी आडव्या झालात! सायबांनी दिल्लीच्या सभेत तीच गोष्ट सांगितली, तवा कुठं सरकार नमलं. आन ओवाळणार ती?”

“माजं कपाळ पांढरं हाय, चंद्राबाई. ओवाळायला सवाष्ण लागती.”

“कुणामुळं पांढरं झालं वो? बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांना तुमचं घर दावलं कुणी? पाटलानंच की! तुमचं मालक जेलात मेलं, आन त्याचीच बायको आरती घेऊन म्होरं? आग लागो त्या सत्काराला!”

नाथाजीनं खिशावर हात ठेवला.

“आरतीचं ताटबी माजंच हाय. आमच्या घरावर जप्ती आली, तवा लिलावात पाटलानं घेतलेलं. आता त्यांच्यात भांडी मीच घासती. काल त्ये ताट उजळाया दिलं.”

“आन तुमी उजळलंत?”

“उजळलं की. चिंच लावून, आधी कडंला कोरलेलं माजं नाव उजळलं. सायबांना लांबनं वाचता याया पायजे.”