अंगठा कधी दाबला

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर सातवा होता. दुपारपर्यंत माझं मौन असतं, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं कानावर येत राहिलं.

"ताई, संघात जागा एकच उरलीय. महिनाभराच्या नोंदी बघ, आपली छकुली त्या ड्रायव्हरच्या लेकीच्या रोज पुढे."

"दोघींना बरोबर पळवतोस?"

"छे, एकेकटीला. म्हणजे वेळ नीट घेता येते."

"कोण घेतं?"

"मीच. प्रशिक्षक मी ना!"

"लेक तुझी, घड्याळही तुझंच."

"अगं, वहीत आकडे आहेत, माझे लाड नाहीत."

"बरं, वहिनीनं काढलेला व्हिडिओ दाखव. थांब! शिट्टी झाली, तुझा अंगठा अजून बटणाच्या वरच."

"कुठे?"

"परत लाव. छकुलीनं पाऊल उचललं, मग दाबलास. आता त्या मुलीचा लाव."

"इथे... शिट्टीबरोबरच दाबलंय. ताई, देवाशपथ, मुद्दाम नाही गं."

"मुद्दाम असतं तर कानच पिळला असता. आता काय करणार?"

"उद्या सकाळी दोघींना पुन्हा पळवतो. घड्याळ तू धर."

"मी आत्या आहे तिची, शहाण्या!"

त्यानं बाकांवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे वळला.

"काकू, तुम्ही आमच्यापैकी कुणाला ओळखत नाही ना?"

मी नाही अशी मान हलवली.

"उद्या सातला मैदानावर याल?"

मी मान डोलावली. त्यानं खिशातून घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

"अंगठा असा ठेवायचा, काकू."

"तू नको शिकवूस रे!" ताईनं त्याला अडवलं.