चौऱ्याण्णवनं पळालेली फटफटी

लातूरच्या ट्रॅफिक ऑफिसात आरती आपलं चलान घेऊन रांगेत उभी होती. वर्षातलं तिसरं, त्यामुळं डोकं तापलेलं. तिच्या पुढं रेणापूरचे ग्यानोबामामा खिडकीतल्या हवालदाराला भिडले होते.

“मामा, या वयात फटफटी चौऱ्याण्णवनं पळवायलेत का?”

“साहेब, चाळीसच्या वर गेली तर तिचे नटबोल्ट गळून पडतेत!”

“कॅमेरा खोटं बोलत न्हाई. हा बघा तुमचा नंबर.”

“नंबर माझाच हाय. फोटो जरा मोठा करा. गाडीवर कोण बसलंय?”

“कुणीच... दिसत न्हाई.”

“अन् चाकं रस्त्यावर हायत का?”

“आँ? ही तर पिकअपमध्ये उभी हाय!”

“हाव! इंजिन बसलं म्हणून औशाच्या मिस्त्रीकडं नेली. मागचा फाळका खाली सोडला, त्यात पिकअपचा नंबर झाकला गेला. कॅमेऱ्यानं मलाच धरलं!”

रांगेत हसू फुटलं. आरतीही आपलं चलान विसरून पुढं वाकली.

“बरं, दंड रद्द करतो. पण त्या पिकअपवाल्याचा नंबर सांगा.”

“मी म्हातारा माणूस, माझ्या काय ध्यानात ऱ्हातंय? तुमच्या कॅमेऱ्याला इचारा की. त्यो खोटं बोलत न्हाई.”