आमसूल, बर्फ आणि बाईंची बादली

पित्त उठलं की आमसूल चोळायचं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. तलासरीकडच्या एका वसतिगृहातल्या अधीक्षिकाबाईंना तर मुळीच नाही!

थंडीने अंगावर पित्त उठणाऱ्या मुलांचा मी अभ्यास करत होते, म्हणून तिथे गेले. सहावीतल्या जयवंतीच्या अंगावर रोज आंघोळीनंतर लाललाल गांधी उठायच्या. चुलीवर एकच बादली पाणी तापायचं, ते बाईंचं. मुलींना टाकीचं गार.

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, नाटकं आहेत हिची. चोरून चिंचा खाते. मी रोज माठातल्या पाण्यात आमसूल कोळून चोळते, तर आणखीच उठतं!"

"माठातल्या पाण्यात?"

"मग! पित्ताला गारच लागतं ना!"

माझं डोकंच फिरलं. डहाणूहून थर्मासमध्ये बर्फ आणलाच होता. दोन पिशव्या भरल्या. एक जयवंतीच्या हातावर ठेवली, दुसरी बाईंच्या.

"माझ्या कशाला?"

"नाटक कोणाचं ते बघू या."

पाच मिनिटांनी पिशव्या उचलल्या आणि जरा थांबलो. बाईंचा हात होता तसाच. जयवंतीच्या हातावर मात्र पिशवीच्या आकाराची गांध टम्म फुगली. दारात जमलेल्या मुलींनी टाळ्याच वाजवल्या.

बाई पुटपुटल्या, "बरं, उद्यापासून हिला गरम पाणी. पण दुसरी बादली आणू कुठून?"

जयवंती म्हणाली, "दुसरी कशाला, बाई? बर्फाने तुम्हाला तर काहीच उठलं नाही."