तळ्यातली उडी

कन्नडहून औरंगाबादला निघालेल्या बसमध्ये उमाच्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाहेर कडक ऊन आणि हे दोघं मात्र ओलेचिंब.

"असं वल्ल्या कपड्यानं पोराच्या घरी जायचं? बस धरायच्या आधी डोंगर चढलो, माथ्यावरून आपलं देवगाव दिसलं, लई झालं व्हतं की! खाली येऊन तळ्यात कशाला उतरलीस, द्वारके?"

"पानी बघून ऱ्हावलं नाय. माहेरी रोज पवायचे मी."

"मला वाटलं, बुडालीस."

"म्हनून उडी टाकली? तुमाला तर पवता येत नाय! मीच वढून काढलं."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला. पवता येतं म्हनून एकदा तरी सांगायचं!"

"माझ्यामागं उडी टाकाल, हे तुमी तरी कधी सांगितलं व्हतं?"