आमलवाडीचं ठेसन

ऐका. सरकून बसा जरा, शेकोटी सगळ्यांची हाये.

आमलवाडीचं ठेसन तुमी पाह्यलंच हाये. नुसता चौथरा अन् एक कडुनिंब. पण आमच्या लहानपणी तिथं छोटी गाडी थांबायची. कापसाच्या गाठी चढायच्या, सासुरवाशिणी उतरायच्या. मंग डांबरी सडक झाली, गाडी बंद पडली, रूळही उपटून नेले. कंदीलवाला गणाजी मात्र हलला नाई. त्याची बायको त्याच गाडीनं दवाखान्यात गेली होती, ते वापस आलीच नाई. रोज सांजेले कंदील लावून वाट पाहात बसायचा. तिथंच मेला.

तर आपल्या गावचा पुंजाजी. बायको वारलेली, घरी एकटाच. लेकीच्या गावाहून निघाला अन् अंधार पडला. जवळ पडते म्हणून जुन्या रुळाची वाट धरली.

चौथऱ्यावर कंदील दिसला. त्याले वाटलं, राखणदार असन. जवळ गेला, तर कंदील पुढं. अजून गेला, अजून पुढं. मंग ठेसनाची घंटा वाजली. आता घंटा कुठली? ते तर कवाच चोरीले गेली होती.

पाहते तं बाजूले गणाजी. "बसा न भाऊ. गाडी येऊन रायली."

"रूळ कुठी हायेत, गणाजी?" पुंजाजी कसाबसा बोल्ला.

"येते ते. रोज येते."

अन् आली बरं. धूर, शिट्टी, खिडक्यांत उजेड. एका दारात पुंजाजीची वारलेली बायको, पारबती, उभी. सरणावर नेली तवाचं हिरवं लुगडं. हात पुढं केला तिनं. "या न. किती दिस एकटे राहसान?"

ऐका, भीतीच गेली त्याची. त्यानं सोता मले सांगितलं. पाऊल उचललं, अन् धोतर बाभळीच्या काट्यात अडकलं. ओढलं, निघेना. तेवढ्यात सगळं विझलं. पुढ्यात इंजिनाच्या पाण्याची जुनी विहीर. कठडा पडलेली.

सकाळी गुराख्यांनी आणला त्याले. लोक म्हणत, वाचला. तो मात्र पुढं जगला तोवर सांज झाली की ठेसनाकडं तोंड करून बसायचा. मी एकदा म्हटलं, "पुंजाभाऊ, देवानं राखलं तुमाले."

तर म्हणे, "काट्यानं राखलं. मी तं निघालो होतो."

म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नोका. उशीर झाला तं झाला, सडकेनं या. तुमचंही कोणी ना कोणी गेलंच हाये. ते तिथं दारात उभं राहीन, अन् काटा दर बारीले आडवा येत नाई.