लवकर म्हणजे कधी?

लिफ्टवाला : ...म्हणून म्हटलं, रोपटंच घ्यावं. शेवटच्या भेटीला रिकाम्या हातानं कसं यायचं? कुठे ठेवू मॅडम, खिडकीत?

थेरपिस्ट : शेवटची भेट?

लिफ्टवाला : हो ना. बरा झालो मी. अगदी ठणठणीत! झोप लागते, भूक लागते, साहेबाशी खटके उडत नाहीत. आता उगाच तुमचा वेळ कशाला खाऊ? एखाद्या गरजवंताला द्या.

थेरपिस्ट : गेल्या मंगळवारी असं काही म्हणाला नव्हतात.

लिफ्टवाला : गेल्या मंगळवारी कुठे बरा झालो होतो!

थेरपिस्ट : त्या दिवशी निघताना मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती.

लिफ्टवाला : सुट्टीचं ना? तीन आठवडे का काहीतरी. जा की खुशाल! त्याचा इथे काय संबंध? सुट्टी सगळ्यांना लागते. आम्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचं तेवढं नशीब फुटकं. लिफ्ट काय रविवार बघून बंद पडते?

थेरपिस्ट : हं.

लिफ्टवाला : आलं का तुमचं 'हं'! इतके महिने येतोय, मी घडाघडा बोलायचं आणि तुम्ही 'हं' म्हणायचं. सल्ला म्हणून मागितला, तर तोही देत नाही. बायको म्हणायची, त्यापेक्षा भिंतीशी बोल.

थेरपिस्ट : म्हणायची?

लिफ्टवाला : म्हणते. म्हणायची. आता काय फरक पडतो? नर्सिंग शिकायला म्हणून परगावी गेली, त्याला सहा महिने झाले, आणि रमली तिकडेच. काल फोनवर सांगून टाकलं, बाई गं, तिथेच राहा, आपण वेगळं होऊ. तू मोकळी, मी मोकळा.

थेरपिस्ट : ती काय म्हणाली?

लिफ्टवाला : रडली. मग म्हणाली, तुला तेच हवं असेल तर उद्या संध्याकाळी फोन करून 'हो' सांगते. म्हणजे आज.

थेरपिस्ट : आणि तुम्हाला तेच हवंय?

लिफ्टवाला : हवंय म्हणजे... अहो, आज ना उद्या ती सोडणारच. मग आपण आधी उठलेलं काय वाईट? मान तरी राहतो.

थेरपिस्ट : आधीची नोकरीही अशीच सोडली होतीत ना?

लिफ्टवाला : ते वेगळं! तिथे माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. मी दुसऱ्याच दिवशी राजीनामा टेकवला. आणि गंमत बघा, एकालाही काढलं नाही! माझ्या जागेवर आलेला पठ्ठ्या अजून तिथेच आहे, पोट सुटलंय त्याचं. हसू नका हो.

थेरपिस्ट : हसले खरी. बरं, आता माझंही सांगते. मघाशी तुम्ही रोपटं पुढे केलंत, तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, 'बरं, जा मग.' रागच आला मला.

लिफ्टवाला : तुम्हाला? तुम्हाला राग येतो?

थेरपिस्ट : येतो की! पण आला की लगेच बोलत नाही. आधी बघते, हा कुठून आला. मला वाटलं, मी चाललेय नुसती सुट्टीवर, आणि हा माणूस मला कायमची हाकलतोय. मग मनात आलं, काल फोनवर तुमच्या बायकोला असंच वाटलं असेल.

लिफ्टवाला : ...

थेरपिस्ट : गप्प झालात.

लिफ्टवाला : तुम्ही बोलायला लागलात ना, म्हणून. एकानं तरी गप्प बसायला हवं.

थेरपिस्ट : हे पहिल्यांदा कधी झालं असेल? कोणीतरी निघालं, आणि तुम्हीच आधी उठलात.

लिफ्टवाला : आली गाडी लहानपणावर! वाटलंच होतं. सांगितलंय ना तुम्हाला, आई कामासाठी परगावी गेली तेव्हा मला मावशीकडे ठेवलं होतं. पहिलीत असेन. सगळ्यांना धास्ती, आता हा भोकाड पसरणार. मी काय केलं माहितीये? आईची पिशवी उचलली आणि दारात नेऊन ठेवली. म्हटलं, जा ना आता, उशीर होतोय. काय कौतुक झालं! केवढं समजूतदार पोर! मावशी अजून चारचौघांत सांगते.

थेरपिस्ट : आणि आई?

लिफ्टवाला : 'लवकर येते' म्हणाली.

थेरपिस्ट : आली?

लिफ्टवाला : आली की. दोन वर्षांनी. तोवर मी तिला परक्या बाईसारखं 'अहो' म्हणायला लागलो होतो.

थेरपिस्ट : लवकर म्हणजे कधी, ते विचारलं नव्हतंत?

लिफ्टवाला : समजूतदार पोरं असलं विचारतात होय?

थेरपिस्ट : लिफ्टमध्ये कोणी अडकलं, की तुम्ही आधी काय करता?

लिफ्टवाला : हे कुठलं कुठे! आधी हाक मारतो. घाबरू नका, मी आलोय. मग किती वेळ लागेल ते सांगतो. तास तर तास, पण सांगायचंच. नवीन मुलं 'होईल लवकर' म्हणतात, मी जाम झापतो त्यांना. अरे, 'लवकर' ऐकलं की आतल्याचा धीर सुटतो! स्वतःच दार ओढतो, फटीतून बाहेर पडायला बघतो. अपघात होतो तो तिथेच. वेळ सांगितली की बसून राहतो बिचारा.

थेरपिस्ट : हं.

लिफ्टवाला : 'हं' म्हणू नका आता.

थेरपिस्ट : बरं.

लिफ्टवाला : पिशवी जड होती हो. उचलली म्हणालो ना, ते खोटं. फरफटत नेली. वाटत होतं, कोणीतरी म्हणेल, राहू दे रे बाळा. निदान तिनं तरी म्हणावं... तो कागदी रुमालांचा डबा सरकवू नका इकडे. रडत नाहीये मी.

थेरपिस्ट : मी हातही लावला नाही. तुम्हीच ओढलात.

लिफ्टवाला : असं होय. राहू दे मग.

थेरपिस्ट : आपली वेळ संपत आली.

लिफ्टवाला : दिसतंय घड्याळ. मॅडम... तुम्ही परत कधी येणार?

थेरपिस्ट : बावीस तारखेला. मंगळवारी, नेहमीच्या वेळी, इथेच.

लिफ्टवाला : नक्की?

थेरपिस्ट : नक्की.

लिफ्टवाला : मग रोपटं नेतो परत. बंद खोलीत त्याला पाणी कोण घालणार? बावीसला आणतो.

थेरपिस्ट : आणा.

लिफ्टवाला : आणि बायकोला काय सांगू? आज तरी सल्ला द्या!

थेरपिस्ट : तो नाही मिळणार.

लिफ्टवाला : धन्य आहे तुमची!

(थोड्या वेळानं, जिन्यात. लिफ्टमध्ये फोन लागत नाही. एका हातात रोपटं.)

लिफ्टवाला : हॅलो... अगं, मीच. संध्याकाळपर्यंत दम निघेना.

बायको : 'हो' ऐकायची एवढी घाई झालीये?

लिफ्टवाला : नाही गं! ते काल बोललो ते... थांब, ठेवू नकोस. एक विचारायचंय.

बायको : विचार.

लिफ्टवाला : तू परत कधी येणार?

बायको : हे तू मला कधीच विचारलं नाहीस. निघाले तेव्हासुद्धा नाही. उलट माझी बॅग भरून दिलीस.

लिफ्टवाला : हो. चुकलंच ते. आता विचारतोय. 'लवकर' म्हणू नकोस, तारीख सांग. कितीही लांबची असू दे, मी थांबतो.